कॅबिनेटमधला कापूस

गावी गेलं की जेवणं उरकल्यावर कोणी ना कोणी राखणदाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी काढतंच. अशा वेळी मी चहा टाकायला उठते, आणि आत गॅसजवळ उभी राहून एकटीच हसते. हे मुद्दाम सांगतेय, कारण आता मी जे लिहिणार आहे ते वाचून तुमच्यातले बरेच जण चहा टाकायला उठतील. उठा. माझी काही हरकत नाही. पण परत येऊन पूर्ण वाचा, आणि काही सुचलं तर मला सांगा... कारण मी विचार करून करून वैतागले आहे.

मी सुमन. कांदिवली पश्चिमेला चारकोपमध्ये राहते, सेक्टरमधल्या त्या एकाला एक चिकटलेल्या बुटक्या घरांपैकी एकात. खाली दुसरं कुटुंब, वरच्या मजल्यावर मी आणि बाबा. आई जाऊन काही वर्षं झाली. भाऊ संदीप मुलुंडला असतो — एसी दुरुस्तीचं काम करतो, देवळातसुद्धा चपला सांभाळायला बाहेर थांबणारा माणूस. म्हणजे आमच्या घरात अंधश्रद्धा कोणात शोधायची झाली तर सापडणार नाही.

बाबा ऐंशीला टेकलेत. मूळ मालवणकडचे. तरुणपणी लालबागच्या एका मिलमध्ये होते, कापूस पिंजायच्या खात्यात. तिथे हवेत इतका तूस उडायचा की घरी येताना भुवया पांढऱ्या असायच्या, असं आई सांगायची. संपानंतर मिल सुटली आणि बाबा इथे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन म्हणून लागले. मिल सुटली, पण छाती सुटली नाही. गेली काही वर्षं तर त्यांचं बोलणंसुद्धा तुकड्यातुकड्यानेच यायचं. 'सुमन' म्हणायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, मग 'पाणी' म्हणायचं. वाफेचं मशीन खाटेला लागूनच. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बाबांची खाट, आणि समोरच्या भिंतीला माझं कॉम्प्युटरचं टेबल.

आता त्या कॉम्प्युटरबद्दल. मी घरून मराठी डीटीपी करते — पत्रिका, स्मरणिका, छोटी पुस्तकं, दिवाळी अंक. माझं टायपिंगचं सॉफ्टवेअर इतकं जुनं आहे की ते जुन्याच सिस्टीमवर चालतं, आणि त्याला मागच्या बाजूला एक डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्लीच, लावावं लागतं. ते डोंगल लागेल असं भोक आता कुठल्याच नवीन मशीनला नसतं. त्यामुळे जगाने लॅपटॉप घेतले, मी मात्र तो पिवळा पडलेला कॅबिनेट सांभाळत बसले. सांभाळायचा म्हणजे काय, वर्षातून एकदोनदा उघडायचा, झाडायचा. हे मी स्वतःच करते. स्क्रू काढायचे, पत्रा सरकवायचा, रंगाच्या जुन्या ब्रशने धूळ काढायची, रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासायच्या, प्रोसेसरवरचा पंखा उचलून पेस्ट बदलायची. बस.

त्या वर्षी गणपती झाले आणि मशीन मध्येच बंद पडायला लागलं. आणि वेळ कुठली? दिवाळी अंक हातात! कदम सर म्हणून एक संपादक आहेत, त्यांचा अंक मी कित्येक वर्षं लावते. सरांचे फोन सुरू — "सुमनताई, किती फॉर्म झाले? किती पानं लावून झाली?" आणि इथे मी एक पान लावतेय तोवर स्क्रीन काळा.

एका सकाळी बसले उघडून. आत नेहमीचाच माल. करड्या धुळीची गोधडी, केस, एक वाळकं झुरळ, पालीच्या अंड्याचं टरफल. सगळं साफ केलं, पेस्ट लावली, चालू केलं. झकास! पंख्याचा आवाज पार बसला. मी खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन परत बंद.

मी चिडून पत्रा उघडला. आणि... मला वाटलं, माझी कोणीतरी मस्करी करतंय. आत कापूस होता. करडी धूळ नाही बरं का. कापूस! पांढुरका, हलका, पिंजल्यासारखा. प्रोसेसरच्या पंख्याखाली त्या ज्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये उशीत भरावा तसा ठासून बसलेला. ओंजळभर निघाला.

पहिला संशय अर्थात उशांवर. घरातल्या सगळ्या उशा, बाबांची गादी, माझी गादी, सगळं उलटंपालटं केलं. कुठे शिवण उसवलेली नव्हती. खालच्या वहिनींना विचारलं, "गोधड्या वगैरे शिवताय का हो?" त्या म्हणाल्या, "नाय गं, मला सुईत दोरा ओवता येत नाय आता." मी परत वर आले, साफ केलं, चालू केलं. संध्याकाळी परत तेच. परत ओंजळभर.

तुम्हाला खरं सांगू, घाबरायला मला सवडच नव्हती. मला फक्त राग येत होता. एक काम धड होत नव्हतं. कदम सरांची पानं अडकलेली, आणि मी सुपलीत कापूस भरून उभी!

एकदा बाबांनी ती सुपली बघितली. हात पुढे केला, चिमूटभर उचललं, दोन बोटांत धरून ताणलं, नाकाजवळ नेलं. आणि त्यांचा चेहरा असा काही झाला... मी आईच्या वेळीसुद्धा तो चेहरा बघितला नव्हता.

"खयसून इलो ह्यो?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरातून."

"भायर टाक तां." थांबले. श्वास घेतला. "घरात ठेव नको. हात धू."

मी टाकून आले, हात धुतले. हाताला कापसाबरोबर तेलकट वास लागला होता — मशीनला घालतात तसल्या तेलाचा. माझ्या कॉम्प्युटरात तेल कुठलं?

शेवटी मी तो डबा उचलून इस्टेटमध्ये नदीमभाईकडे नेला. त्यांचं तिथे रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. त्यांनी उघडलं, आतला कापूस बघून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, घर में गादी का धंदा है क्या?"

"नाही हो! तोच तर वैताग आहे."

"छोडके जाओ. दोन दिवस चालवून बघतो."

त्या दोन दिवसांचे बरेच दिवस झाले, कारण मध्येच बाबांची तब्येत बिघडली. इतकी बिघडली की वाफेने काही होईना, ओठ निळे दिसायला लागले. मी आणि खालच्या वहिनींनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं, रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलात. ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी छातीचा फोटो भिंतीवरच्या दिव्यावर लावून दाखवला आणि म्हणाले, "हे आता सुधारणारं नाही. सांभाळायचं, एवढंच." मी हो म्हटलं. संदीप मुलुंडहून धावत आला. आम्ही दोघं तिथल्या बाकड्यावर आळीपाळीने झोपलो.

बाबांना घरी सोडलं त्याच दिवशी संदीप नदीमभाईकडून मशीनही घेऊन आला. नदीमभाईंनी निरोप दिला होता — मशीन एकदम ओके, दिवसभर चालू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही, कापूस-बिपूस काही नाही, तुमच्या घरातच लोचा आहे.

टेबलावर ठेवलं, चालू केलं. दुसऱ्या दिवशी आत कापूस.

मी कपाळावर हात मारला. संदीपला फोन केला आणि अक्षरशः ओरडले, "ये आणि तूच बघ! मी आता हे खिडकीतून खाली फेकणार आहे!"

संदीप आला तो ब्लोअर, जाळी, टेप असं सगळं सामान घेऊनच. आधी त्याने कॅबिनेटच्या सगळ्या भोकांवर बारीक जाळी लावली. एसीच्या फिल्टरची असते तसली. संध्याकाळी बघितलं तर जाळीला बाहेरून कण नाही, आणि आत गच्च. मग त्याचा इगो दुखावला. त्याने आमच्या कापसाच्या गाद्या-उशा उचलून खालच्या वहिनींकडे ठेवल्या, बाबांना फोमची गादी आणली. मग पुन्हा मशीन साफ केलं, मी डोळ्यांनी बघितलं — आतला हिरवा बोर्ड लखलखीत. पत्रा बसवला, सगळ्या फटींवर चिकटपट्टी मारली, पट्ट्यांवर मार्करने सही केली.

"आता बघू," म्हणाला. आणि समोर खुर्ची टाकून बसला.

दुपारची वेळ. बाहेर लख्ख ऊन. बाबा जेवून आडवे झाले होते. मी मशीनवर काम करत होते, संदीप कॅबिनेटकडे टक लावून. काहीही दिसलं नाही. हवेत काही उडालं नाही, लाइट हलली नाही, थंडी वाजली नाही, गोष्टींमध्ये असतं तसलं काहीच नाही. फक्त पंख्याचा आवाज हळूहळू जड व्हायला लागला... घूं घूं घूं... आणि मशीन बंद.

सगळ्या सह्या जागेवर होत्या. पट्टी कुठेही सुटली नव्हती. संदीपने कटरने कापली, पत्रा काढला. आत कापूस. त्याने हात घातला आणि लगेच मागे घेतला.

"काय झालं रे? शॉक बसला?"

"ओलसर आहे," तो म्हणाला. "हात लावून बघ."

मी लावला. कोमट तर असणारच, मशीन तापलेलं. पण दमट होता. खोकताना तोंडावर रुमाल धरला की तो होतो ना, तसा.

मग संदीप खाटेकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, बाबांची शीळ कुठाय?"

बाबांच्या छातीतून कायम शीळ वाजायची. झोपेत तर जास्तच. आम्हाला तिची इतकी सवय होती की ती ऐकूच येत नसे. आता खरंच नव्हती. बाबा कुशीवर वळून शांत झोपले होते. मी आठवायला लागले — वाफेचं मशीन शेवटचं कधी लावलं होतं? परवा? त्याच्याही आधी? हॉस्पिटलातून आल्यावर एकदोनदाच लावलं असेल. आणि त्याआधी, ती पहिली ओंजळ निघाली तेव्हाही बाबा बाथरूमपर्यंत न थांबता गेले होते, हे मला तेव्हा बघूनही दिसलं नव्हतं. आणि मशीन नदीमभाईकडे गेलं तेव्हा...

"नाही हां संदीप," मी म्हटलं. "तू पण सुरू नको होऊ यार."

"मी काय बोललो? मी काहीच बोललो नाही."

पण तो काय म्हणत होता ते मला कळलं होतं, आणि मला त्याचा इतका राग आला की मी मशीनच्या सगळ्या वायरी उपटल्या, ते उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि म्हटलं, "इथे करते मी काम. बघू काय होतं ते."

आतल्या खोलीत मशीन मस्त चाललं. मी सलग पानं लावत गेले, कदम सरांना फोन करून सांगितलंसुद्धा, की आता अडचण नाही, अंक वेळेवर देते. दुसऱ्या सकाळी उघडून बघितलं — बोर्ड स्वच्छ. आणि बाहेरच्या खोलीत बाबा खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसलेले. खांदे वर. खोकला थांबत नव्हता. मी वाफ लावली. तासाभराने परत लावली. शीळ परत आली होती, दारातून ऐकू येत होती.

मी दारात उभी. एकीकडे अर्धा झालेला अंक. तो अंक गेला तर पुढची कामंही जाणार, हे या धंद्यात कोणाला सांगायला नको. दुसरीकडे बाबा. आणि मध्ये काय, तर एक डबडं, ज्याच्याबद्दल मी कोणाला काही सांगितलं तर लोक मला ठाण्याला पाठवतील! मला कोणावर चिडावं तेच कळेना. देवावर चिडावं तर तो आपण मानत नाही.

"गो," बाबा म्हणाले. "तुझा काम... होवंदे आधी. माझी काळजी... नको."

मी मशीन उचललं आणि बाहेर आणून टेबलावर आपटलं. चालू केलं. मग गॅलरीत जाऊन कदम सरांना फोन लावला. "सर, मला नाही जमणार. मशीनने वाट लावली. तुम्ही दुसरीकडे बघा, झालेल्या फाइली मी पाठवते." सर आधी हसले, त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. मग म्हणाले, "सुमनताई, हे आधी सांगायचं ना." फोन ठेवला. तो अंक दुसऱ्याने लावला. पुढच्या वर्षी मला फोन आला नाही.

त्यानंतर आमचा दिनक्रमच तो झाला. सकाळी केर काढायचा, भांडी घासायची, कॅबिनेट उघडून कापूस काढायचा. मग मशीन चालू करून ठेवायचं. अधूनमधून ते गच्च भरून बंद पडायचं, मी शिव्या घालत साफ करायचे. त्यातल्या त्यात एखाददुसरी पत्रिका लावून घ्यायचे. साफ करताना बाबा माझ्याकडे बघत असायचे. एकदा मी हातातला ब्रश खाली ठेवून सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं, हे काय आहे?"

"माका काय म्हायत?" ते म्हणाले. "तुझो कॉम्प्युटर." आणि थोड्या वेळाने, सलग, मध्ये न थांबता — "माका श्वास गावता मा? मगे झाला. तू उगाच डोक्याक ताप करून घेव नको."

श्वास मिळतोय ना, मग झालं — ते सगळं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं होतं. माझ्या ते नंतर लक्षात आलं. तोवर मी ब्रश उचलून परत साफ करायला लागले होते.

दिवाळीनंतर कापूस कमी व्हायला लागला. ओंजळीचा मूठभर झाला, मुठीचा चिमूटभर. थंडीत एका सकाळी उघडलं तर आत काहीच नाही. मी घाबरले — या सगळ्या प्रकारात पहिल्यांदा, खरीखुरी घाबरले. आत काही नाही, म्हणजे आता बाबांचं काय? मी स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच धरून खाटेकडे वळले. खाट रिकामी. बाथरूममध्ये नाहीत, स्वयंपाकघरात नाहीत. दार उघडं.

मी गॅलरीत धावले आणि तेवढ्यात खालून आवाज आला. "सुमन! गो सुमन! खाली ये! बांगडे बघ कसले फडफडीत इलेत!"

खाली रस्त्यावर गोराईची मासेवाली टोपली उतरवून बसली होती, आणि तिच्यासमोर बाबा. जिना एकटे उतरून गेलेले. वर तोंड करून मला हाका मारत होते. समोरच्या घरातल्या लोकांनीही खिडक्या उघडल्या, इतका मोठा आवाज. माझ्या वडिलांचा आवाज इतका मोठा आहे हे मी लहानपणानंतर विसरूनच गेले होते.

आम्ही त्यांना परत डॉक्टरांकडे नेलं. नवा फोटो काढला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले आणि बराच वेळ बघत राहिले. दोन्ही सारखेच. छाती जशी खराब होती तशीच खराब आहे. "या फोटोतला माणूस जिना चढत नाही," ते म्हणाले. बाबा दवाखान्याचा जिना चढूनच आले होते. डॉक्टरांनी औषधं तीच लिहून दिली, दुसरं करणार काय?

संदीपने शेवटच्या कापसातला थोडा पिशवीत घालून त्याच्या एका मित्राला दिला होता, जो कापडाच्या लॅबमध्ये आहे. त्याचा फोन आला. म्हणाला, "कापूस आहे." संदीप म्हणाला, "ते मलापण दिसतंय रे, पण कुठून आला?" तो म्हणाला, "ते कापसावर लिहिलेलं नसतं."

यावर आमची भावंडांची अजून भांडणं होतात. संदीप म्हणतो, आपण बघितलं, मान्य कर. मी म्हणते, काय मान्य करू? योगायोग म्हणावं तर त्याने सह्या केलेल्या पट्ट्या मी स्वतः बघितल्यात. दुसरं काही म्हणावं तर ते काय, त्याला नाव नाही. आणि ते कोणी केलं, का केलं, आमच्याच घरात का — मिलमध्ये तर बाबांबरोबर हजारो माणसं होती, त्यांच्यातले कितीतरी याच खोकल्याने गेले. त्यांच्या घरात काही का झालं नाही? या प्रश्नाशी आलं की संदीपही चपला शोधायला लागतो.

मला सगळ्यात जास्त चिडचिड कशाची होते सांगू? मी काय बरोबर केलं तेच मला माहीत नाही. ते मशीन उघडत राहिले म्हणून झालं, की बाहेरच्या खोलीत ठेवलं म्हणून, की माझ्या साफ करण्याचा काही संबंधच नव्हता? उद्या बाबांची छाती परत भरली तर मी काय करायचं, कुठला स्क्रू काढायचा? काहीच माहीत नाही. मशीन अजून चालू आहे. आता उघडलं तर करडी धूळ असते, बस.

हे लिहितेय आणि बाबा खाली कट्ट्यावर कोणाशी तरी मिलच्या संपावरून वाद घालतायत. समोरचा माणूस मध्येमध्ये दम घ्यायला थांबतोय. बाबा थांबत नाहीयेत.